ब्यांजोच्या हाळीची बखर

॥ श्री खंडेराय प्रसन्न ॥

शके अठराशे एकसष्ट, प्रमाथीनाम संवत्सरे, फसली सन तेराशे एकोणपन्नास, कार्तिक शुद्ध प्रतिपदा, ते दिवशी तालुके जिंतूर, मौजे बोरी येथील पडीत रानांत राजश्री उमाजीबावा धनगर यांणी आपले चुलतबंधू राजश्री मल्हारीबावा यांजशी जे युद्ध मांडिले, आणि त्या युद्धी तोफ नाही, तलवार नाही, केवळ एक ब्यांजो आणि उजवे हाताची तीन बोटे येवढ्या सरंजामावर जी फत्ते संपादिली, तिची ही हकीकत. ऐसी मोहीम पूर्वी कोणी केली होती काय, म्हणून शोध केला, तो आढळली नाही. पुढे कोणी करील ऐसेही दिसत नाही. सबब लिहून ठेवणे प्राप्त जाहले. वाचणाराने हसू नये. मेंढरे हसली नाहीत.

कलहाचे मूळ ऐसे की, बोरीस भिवराबाई म्हणून थोर बाई होत्या. त्यांचे यजमान आणि धाकटे दीर हे उभयता एकत्र कळप राखून होते, ते दोघेही पाठोपाठ वारले आणि कळपाचा कुल कारभार बाईंचे हाती आला. बाईंचे पुत्र मल्हारी, आणि दिराचे पुत्र उमाजी. उमाजीस आईही राहिली नव्हती, सबब बाईंनीच त्यास वाढविला आणि दोघां पोरांस एकाच काठीने मारले, कधी दुजाभाव केला नाही. उमाजी त्यांस थोरली माय म्हणत. मग दोघांची लग्ने जाहली आणि एका अंगणात दोन चुली पेटल्या आणि एकीचा धूर दुसरीस सोसेना, तेव्हा वाटणीची मसलत निघाली.

त्या घराण्यात वाटणीची रीत ऐसी की, मेंढरे मोजून वाटू नयेत. मेंढरू म्हणजे काही ज्वारी नव्हे, त्यास स्वतःचे मत आहे, ऐसे मूळपुरुषाचे सांगणे. सबब दिवाळीचे पाडव्यास कळप धुऊन, गेरूने रंगवून, ओवाळून रानाचे मध्यभागी सोडावा, आणि दोघा वारसांनी दोही टोकांस राखेची रेघ ओढून तिचे मागे उभे राहावे, आणि आळीपाळीने तीन पाळ्या हाळी द्यावी. हाळी म्हणजे धनगर आपले कळपास घालतो ती साद. तिसरी पाळी सरतां जे मेंढरू ज्याचे रेघेआड असेल ते त्याचे, आणि ज्याचे रेघेआड एकही नसेल त्याणे निमूट भावाचे घरी चाकरी धरावी. या रितीवर अपील नाही. पंच म्हणून गावचे आश्रुबा मुकादम नेमलेले असत, त्यांस दिसे कमी, परंतु ऐकू चांगले येई.

आता उभय पक्षांचे बळाबळ सांगतो. मल्हारीबावांची हाळी ऐसी की ती बोरीस दिली असता पलीकडचे शिवारातील धनगर आपापली मेंढरे धरून बसत. लग्नात मंगलाष्टके म्हणावयास उभे राहिले, तो नवरदेवाची घोडी जी निघाली ती जिंतूरचे वाटेवर सापडली. आणि उमाजीबावांस लहानपणी घटसर्प होऊन गळा बसला होता, तो उठलाच नाही. यांणी हाळी दिली म्हणजे कोरड्या मोटेचे चाक फिरावे तैसा आवाज निघे, आणि मेंढरे एकमेकांकडे पाहात. एकदा सर्व बळ लावून हाळी दिली, तो शेजारचे रानातून बायनाबाई नामे म्हातारी वंगणाचे नळकांडे घेऊन धावत आली आणि म्हणाली, "कुणाची गाडी हाय ही? कणा जळून जाईल की!" उमाजीबावांनी वंगण ठेवून घेतले.

उमाजीबावांचे कुटुंब केवळाबाई, या मोठ्या मुत्सद्दी. त्यांणी हे सर्व मनात धरून एके दिवशी भाकरी थापता थापता अर्ज गुजारला की, "आवं, पाडवा यायलाय. तुमचा गळा ह्यो असा. मंग काय, मल्हारीदाजीच्या दारात जलमभर शेण काढू का मी?" मल्हारीबावा भाऊ म्हणून वाईट नव्हते, परंतु चाकर ठेवण्याची त्यांस आतापासूनच हौस होती. परसू म्हणजे हातकुऱ्हाड, ती मुद्दाम दुसरीकडे ठेवीत आणि "उम्या, परसू" म्हणून हात पुढे करीत, सराव म्हणून.

ऐसे असतां उन्हाळ्यात उमाजीबावा केवळाबाईंसह निम्मी फौज घेऊन सेलूचे बाजूस स्वारीस गेले. आबासाहेब म्हणून तेथील बागाईतदार, त्यांचे रानात खतासाठी कळप बसवावा आणि मोबदला म्हणून त्यांणी सरकी द्यावी, ऐसा करार होता. ठेसनापाशी डिक्रूज साहेब नामे गोवेकर किरिस्ताव, रेलवेत गार्ड होते ते पेन्शनीत बसून राहत. त्यांचे पोटात सदैव आग. डाक्टराने शेळीचे दूध फर्माविले, तेही डोळ्यांदेखत काढलेले. सबब उमाजीबावा रोज सकाळी शेळी घेऊन साहेबांचे दारात जात आणि तेथेच धार काढीत. ही शेळी म्हणजे एकशिंगी. कळपाची हरोल, म्हणजे आघाडी, हीच. हिचे एक शिंग पूर्वी एका टांग्याशी झालेल्या लढाईत कामास आले होते. ही जिकडे वळे तिकडे सर्व कळप वळे, आणि ही कोणाचीही हाळी मनास आल्याशिवाय ऐकत नसे.

एके दिवशी धार काढणे चालले असतां साहेबांनी घरातून एक वाद्य आणिले आणि खुर्चीवर बसून वाजविले. तोच तो ब्यांजो. वरातीत बटणे दाबून वाजवितात तो नव्हे. हा विलायती, मुळचा. खंजिरीस लांब दांडी लावावी तैसा आकार, तोंडास कातडे ताणलेले, वर तातीच्या, म्हणजे आतड्याच्या, पाच तारा, त्यांत पाचवी ही अर्ध्या दांडीवरूनच सुरू होते, म्हणजे लढाईस निघालेले फौजेत वाटेत कोणी सामील व्हावा तैसी. हे वाद्य वाजले मात्र, एकशिंगी हिने दोन्ही कान ताठ केले, आणि तोंडात साहेबांची टोपी होती ती खाली ठेविली.

उमाजीबावांनी हे पाहिले आणि धार काढणे विसरले. जन्मात त्या शेळीने कोणासाठी तोंडातील वस्तू खाली ठेविली नव्हती. मग त्यांचे मनात आले की, गळा नसला म्हणून काय झाले, हाळी तर गळ्याबाहेरही असू शकते. त्यांणी तेथेच साहेबांचे पाय धरले.

तोवर एकशिंगीने टोपी पुन्हा तोंडात धरली होती. साहेब म्हणाले, "अरे उमाजी, पाँव क्या पकडते? टोपी पहले छुडा." परंतु मनाने उदार होते. बोटांस वातविकार होऊन त्यांचेच्याने फार वेळ वाजविणे होत नसे, आणि ऐकणारे कोणी नव्हते. त्यांणी शिकविण्याचे कबूल केले, मोबदला म्हणून दूध फुकट, आणि पहिले दिवशी हुकूम केला की, तारेची नखी बोटात घालावयाची नाही, नख वाढवावयाचे नाही, उघड्या बोटांनीच तार छेडावयाची, आणि दुसरा हुकूम, जो या बखरीचा प्राण, तो ऐसा की, "एक उंगली लगातार दो बार नक्को. पहले ये, बाद में वो. तू दो पाँव से चलता ना? एक पाँव पे कूदता क्या?"

उमाजीबावा म्हणाले, "न्हाई साहेब, काटा रुतला तरच."

येणेप्रमाणे मोहीम सुरू जाहली. अंगठ्यास अखत्यार पाचव्या तारेचा आणि जाड तारांचा, त्यास सरलष्कर म्हणावे. तर्जनी आणि मधले बोट हे दोघे बरोबरीचे सरदार. त्यांणी पाळीपाळीने वार करावे, एकाने दुसऱ्याची पाळी खाऊ नये. करंगळीने कातड्यावर टेकून नुसते उभे राहावे, म्हणजे पहारेकऱ्याचे काम. ऐकावयास सोपे. परंतु धनगराची बोटे जन्मभर काठी धरणारी, त्यांस सर्वांनी मिळून एकच वस्तू आवळण्याची सवय. एकेकट्याने पुढे जाण्याचा हुकूम होतांच फितुरी जाहली. तर्जनी हलवावी तो सर्व पंजा हले. मधले बोट उचलावे तो खांदा उचले. साहेब उशीखाली तोंड घालून हसत.

मग उमाजीबावांनी रात्रंदिवस... रात्र नव्हे, रात्री निजत असत, परंतु दिवसभर बोटांची कवाईत चालविली. कळप चारतां काठीवर बोटे चालवीत. जेवतां भाकरीवर चालवीत. मेंढी रवंथ करीत बसली असतां तिचे पोटावर चालवीत, आणि ती मेंढी पुढे पुढे आपण होऊन येऊन बसू लागली. एकदा आबासाहेब कराराचे बोलणे करीत असतां यांणी नकळत त्यांचे पाठीवर एक संपूर्ण वळण वाजविले. आबासाहेबांनी विचारले, "उमाजी, हे काय करायलास?" यांणी सांगितले की, गोचीड होता. आबासाहेबांनी आभार मानिले.

साहेबांनी एक विलायती कवायतीची चाल दिली होती. तिची चार वळणे. पहिले दोन घाट उमाजीबावांनी सर केले, आणि तिसऱ्याची चढण सुरू करणार तोच घात जाहला. कुंपणासाठी बाभूळ तोडतां मधले बोटात काटा गेला, तो आत मोडला, बोट सुजून वांग्याएवढे जाहले, आणि केवळाबाईंनी हळद भरून चिंधीने बांधिले. शहाण्याने येथे मुक्काम करावा. उमाजीबावांस धीर नव्हता, पाडवा डोळ्यांपुढे होता. सबब एक सरदार जायबंदी असतां दुसऱ्याच्याच बळावर घाट चढू गेले, आणि जेथे तर्जनीने आणि मग मधल्याने वार करावा तेथे तर्जनीनेच लागोपाठ दोन वार केले. त्यासरशी तारेतून जो ध्वनी निघाला तो 'ठ्यांव' ऐसा होता. याहून नेमके लिहिता येत नाही.

मग बोट बरे जाहले, चिंधी सुटली, परंतु तिसरे वळणावर तर्जनीस दोन वारांची चटक लागली ती सुटेना. चाल आरंभी ठीक चाले, पहिले वळण ठीक, दुसरे ठीक, तिसऱ्याचे तोंडाशी येतांच ठ्यांव. साहेब कपाळास हात लावून म्हणत, "तीसरे मोड पे तेरा डब्बा पटरी से उतरताच उतरता!"

आता एक बारीक गोष्ट, ती सोडू नये. हा सराव साहेबांचा ब्यांजो रात्रीपुरता मागून आणून सायंकाळी वाघुरीत चाले. वाघूर म्हणजे कळप कोंडावयाचे जाळे. ठ्यांव जाहले की मेंढरे दचकून उठत आणि जाळ्यावर धावत, जाळे फाटण्याचा प्रसंग येई. सबब केवळाबाई सरकीची पाटी घेऊन उभ्या राहत, आणि ठ्यांव होतांच, "चुकला मेल्याचा हात!" ऐसे बोटास उद्देशून बोलून मूठभर सरकी जाळ्याचे या अंगास, उमाजीबावांचे पायांशी फेकीत. मग मेंढरे जाळ्याकडे न जाता सरकीकडे येत आणि शांत होत. हा केवळ बंदोबस्त होता. यात कोणाचा काही डाव नव्हता. उन्हाळा सरला, पावसाळा बोरीस कुल कळपात काढिला, ओल धरून ब्यांजोचे कातडे सैल पडे ते चुलीपाशी शेकून घेत, आणि रोज ठ्यांव, रोज सरकी, ऐसे चालले.

त्याआधीच, मृग लागण्यापूर्वी, साहेब आपले लेकीकडे सिकंदराबादेस कायमचे निघाले. गाडीत बसतां त्यांणी ब्यांजो उमाजीबावांचे हाती दिला आणि म्हणाले, "मेरी उंगलियाँ तो गईं. तू एक बार, एक बार तीसरा मोड साफ निकाल. मैं नहीं सुनूँगा तो भी चलेगा." मग शिट्टी जाहली. शिट्टी दुसऱ्या गार्डाने दिली, ते साहेबांस सोसले नाही, त्यांणी तोंड फिरविले. उमाजीबावा फलाटावर उभे राहिले, आणि एकशिंगी गाडीचे मागे काही अंतर गेली आणि परत आली.

येणेप्रमाणे पाडवा उगवला. फौज गेरूने रंगविली, शिंगांस फुंदे बांधिले, भिवराबाईंनी पंचारती ओवाळिली आणि रानाचे मध्यभागी कळप सोडिला. कुल बोरी गाव बांधावर बसला. मल्हारीबावा पूर्वेस, कानांत भिकबाळी, तोंडात ज्येष्ठमध. उमाजीबावा पश्चिमेस, मांडीवर ब्यांजो. केवळाबाई बायकांत, रिकामे हाताने, कारण रीत ऐसी की वाटणीचे दिवशी धान्य दाखवू नये.

मल्हारीबावांनी ब्यांजो पाहून सर्व गावास ऐकू जाईल ऐसे विचारिले, म्हणजे हळूच विचारिले, "उम्या, ह्ये तुंबडं कशाला रं आणलंस? मेंढराचं लगीन हाय का आज?"

उमाजीबावा म्हणाले, "दादा, ही माझी हाळी हाय."

"हाळी तोंडानं असती बाबा. उद्या म्हणशील, ही माझी बायको हाय अन् ढोल दाखवशील!"

बांध हसला. मग हा तंटा पंचांपुढे गेला. आश्रुबा मुकादमांनी डोळे मिटून बहुत वेळ विचार केला, लोकांस वाटले निजले, आणि मग निवाडा दिला की, हाळी म्हणजे मेंढरास पोचेल ऐसा धन्याचा आवाज. तो तोंडातूनच निघावा ऐसे मूळपुरुष बोलले नाहीत, कारण मूळपुरुषांस दात नव्हते आणि ते जिभेने टाळी वाजवून मेंढरे बोलावीत. भिवराबाईंनी मान डोलविली. मल्हारीबावांनी ज्येष्ठमध थुंकून टाकिला.

पहिली पाळी वडीलपणे मल्हारीबावांची. त्यांणी छाती भरून हाळी दिली. बांधावरची दोन पोरे निजली होती ती उठली, झाडावरचे पक्षी गेले ते संध्याकाळी आले. कळपाने माना उंचावल्या आणि पूर्वेकडे चालू लागला. एकशिंगी मात्र जागीच उभी राहून, मध्यभागी बसलेले मुकादमांचे पागोट्याचा शेमला चघळीत होती.

मग उमाजीबावांनी खंडेरायाचे स्मरण केले, करंगळी कातड्यावर टेकविली आणि चाल उचलली. पहिले वळण गेले. दुसरे गेले. तिसऱ्याचे तोंडाशी आले, सर्व गाव पाहात होते, जन्माची चाकरी त्या वळणापलीकडे उभी होती. आणि काय जाहले ते त्यांचे त्यांस कळले नाही, तर्जनीने वार केला, मागून मधल्याने केला, पुन्हा तर्जनीने, पुन्हा मधल्याने, ऐसे दोघे सरदार जणू जन्माचे दोस्त, खांद्यास खांदा लावून घाट चढून गेले. तिसरे वळण साफ निघाले. चौथेही निघाले. शेवटची तार थांबली. उमाजीबावांचे डोळ्यांस पाणी आले, आणि त्यांणी नकळत सेलूचे दिशेस, जेथून गाडी गेली होती तिकडे पाहिले.

मग कळपाकडे पाहिले. एकही मेंढरू आले नव्हते. कोणी वळूनही पाहिले नव्हते. एकशिंगी पागोट्याचे दुसरे वेढ्यापर्यंत पोचली होती.

दुसऱ्या पाळीस मल्हारीबावा गर्जले आणि कळपाचे चंदावल, म्हणजे पिछाडी, देखील पूर्वेचे रेघेआड जाऊ लागले. आता मुत्सद्दीपणाची वेळ. केवळाबाई इतका वेळ पदर तोंडाशी धरून विचार करीत होत्या, त्यांणी एकाएकी कपाळास हात मारिला आणि बायकांतून उठून ओरडल्या, "आवं, चुका की!"

उमाजीबावांस समजेना. "काय म्हणायलीस?"

"चुका म्हणते! तुमी चुकल्याबिगर त्यान्ला कवा सरकी भेटली का? ती तुमच्या वाजवण्याला न्हाईत ओळखत, ती तुमच्या चुकीला ओळखतेत!"

भिवराबाईंनी शेजारणीस विचारिले की, माझी सून काय म्हणायलीय. शेजारीण म्हणाली, नवऱ्याला चूक म्हणायलीय. भिवराबाई म्हणाल्या, ते बरोबरच हाय.

उमाजीबावांनी दुसरी पाळी आरंभिली आणि तिसऱ्या वळणावर चुकावयास गेले, तो बरोबरच आले. बोटांनी एकदा घाट पाहिला होता, त्यांस आता चुकीची वाट आठवेना. तर्जनीस दोन वार करावयाचा हुकूम द्यावा, तो मधले बोट आपण होऊन मध्ये पडे. घाई केली, तरी बरोबर. डोळे मिटले, तर अधिकच बरोबर. ज्या चुकीने पाच महिने रोज पाठलाग केला, ती नेमकी गरजेचे वेळी फरारी जाहली. दुसरी पाळीही येणेप्रमाणे निर्दोष वाजून फुकट गेली. इतके उत्तम वादन केल्याबद्दल कोणी इतके तोंड पाडून बसल्याचे ऐकिवात नाही.

मल्हारीबावांनी तिसरी हाळी दिली, तीच शेवटची. झाडून सारा कळप पूर्वेचे रेघेआड गेला, एकशिंगी तेवढी मध्यभागी. मल्हारीबावांनी हात पुढे केला आणि लांबूनच म्हणाले, "उम्या, परसू."

तेव्हा केवळाबाई पुढे आल्या. त्यांणी कोणास विचारिले नाही, आपल्या लुगड्याचे काठाची चिंधी टरकाविली, उमाजीबावांचे समोर उकिडव्या बसल्या आणि त्यांचे मधले बोट धरून मुळाशी आवळून बांधिले, जैसे काट्याचे वेळी बांधिले होते तैसेच, गाठही तीच. येणेप्रमाणे एक निष्ठावंत सरदार, ज्याणे काही अपराध केला नव्हता, उलट नुकतीच फत्ते केली होती, त्यास ऐन रणात कैद करावे लागले. उमाजीबावांनी त्या बोटाकडे पाहिले. केवळाबाई हळूच म्हणाल्या, "वाजवा आता. मी हाय."

तिसरी पाळी. पहिले वळण लंगडत गेले. दुसरे कण्हत गेले. तिसरे आले आणि तर्जनी एकटीच पुढे निघाली, पहिला वार, आणि सोबती नाही म्हणून पुन्हा तिनेच दुसरा,

ठ्यांव.

एकशिंगीने पागोटे खाली ठेविले. तिने एकवार आकाशाकडे पाहिले, जणू हा शकुन नीट ऐकला की नाही याचा विचार केला, आणि मग पश्चिमेस जी निघाली ती वाऱ्यासारखी. तिला पाहून पूर्वेचे रेघेआडची फौज उलटली. मेंढ्या निघाल्या, शेळ्या निघाल्या, तीन महिन्यांची कोकरे आयांचे पोटाखालून निघाली, मल्हारीबावांचा लाडका एडका त्यांचे दोही पायांमधून निघाला आणि त्यांस काही अंतर पाठीवर घेऊन आला. आश्रुबांचा बैल बांधाशी होता, तोही दावे तोडून आला. त्याचा वाटणीशी संबंध नव्हता आणि तो का आला याचा खुलासा होत नाही. मल्हारीबावा हाळीवर हाळी देत होते, पाळी संपली असतां देत होते, परंतु सरकीची वेळ जाहली म्हटल्यावर कोण ऐकतो. क्षणात राखेची पश्चिमेकडील रेघ खुरांखाली पुसून गेली, आणि मुकादमांनी कानामागे हात धरून खात्री केली की, पूर्वेस आता एकाही जीवाचा श्वास ऐकू येत नाही.

निवाडा जाहीर झाला. सर्व कळप उमाजीबावांचा, आणि चाकरी मल्हारीबावांची.

मल्हारीबावा एडक्यावरून उतरले. पडले म्हणावे, परंतु ते वडीलधारे आहेत. अंगावरची माती झटकून समोर येऊन उभे राहिले, आणि इतका मोठा गळा असून त्यांचे तोंडातून काही निघेना. उमाजीबावांनी त्यांस जन्मात प्रथम आवाजाशिवाय पाहिले आणि ते पाहवेना. मग आपल्या कोरड्या गळ्याने म्हणाले, "थोरले माय, अर्धं दादाचं. मला अर्धंच पायजे व्हतं."

भिवराबाईंनी दोघांकडे पाहिले, हातातील काठी वर केली, मग काय मनात आले, ती खाली ठेविली आणि डोळे पुसले. "दे मग," म्हणाल्या, "पर ती जातील का?"

नेमका तोच पेच. मेंढरे उमाजीबावांचे भोवती गर्दी करून उभी, कोणी हलेना, आपला हक्क मागत होती. एकशिंगी ब्यांजोची दांडी चाखू लागली. केवळाबाईंचे हात रिकामे. अखेर मल्हारीबावा स्वतः घरी धावत गेले, आपले कणगीतील सरकीचे पोते पाठीवर घालून आणिले आणि सर्व फौजेस खंडणी चुकविली, तेव्हा त्यांस त्यांचा निम्मा कळप हाकून नेता आला. चालतां चालतां मागे वळून म्हणाले, "उम्या, तू तुंबडं वाजीवलंस ते चांगलं की वाईट, मला काय कळंना. पर शेवटचं लय वाईट व्हतं." उमाजीबावा म्हणाले, "दादा, शेवटचंच कामाचं व्हतं."

मग आश्रुबांचे समक्ष तह ठरला. कलम पहिले, उमाजीबावांनी चुकीची चाल आपले वाघुरीतच वाजवावी, मल्हारीबावांचा कळप कानाचे टप्प्यात असतां वाजवू नये. कलम दुसरे, बरोबर चाल कोठेही आणि कितीही वाजवावी, तिने कोणाचे काही नुकसान होत नाही. कलम तिसरे, मुकादमांस नवे पागोटे उभयतांनी मिळून द्यावे. तह आजतागायत पाळला गेला. बोरीचे लोक उमाजीबावांस वाईट वाजविणारा म्हणून ओळखतात, कारण त्यांणी रोज सायंकाळी वाईटच ऐकले, आणि उमाजीबावा ते ऐकून घेतात, कारण घर त्यावर चालते.

त्या दिवशी दिवेलागणीपूर्वी कळप वाघुरीत कोंडिला गेला, एकशिंगी बसली, आणि केवळाबाई चुलीपाशी गेल्या. उमाजीबावांनी दातांनी चिंधीची गाठ सोडिली. कैदी मोकळा केला. बोट काही वेळ पांढरे पडले होते, त्यास चोळले, चूक माफ असावी ऐसे मनात म्हटले, आणि मग ब्यांजो घेऊन चारही वळणे प्रथमपासून अखेरपर्यंत वाजविली, तिसरे देखील, साफ, जैसे साहेबांनी सांगितले होते तैसे. कळपातून एकही मेंढरू उठले नाही, कोणी कानही हलविला नाही.

केवळाबाई तेवढ्या पीठ माखल्या हातांनी चुलीपासून उठून आल्या आणि शेजारी बसल्या.

इति फत्ते. मोहिमेत कामास आले ते एक टोपी, एक पागोटे, लुगड्याचा काठ. भाकरी एक करपली, तिची कोणी तक्रार केली नाही. जैसे घडले तैसे लिहिले असे.